समान अंतरावरची शांतता

आवाज अडवायचा म्हटलं की हात आपोआप जड वस्तूकडे जातो. जाड भिंत, दुहेरी काच, शिशाचा पत्रा. सवय चुकीची नाही, तिच्यामागे साधा नियम आहे: एकसंध पडद्याचं दर चौरस मीटरमागचं वजन दुप्पट केलं की पलीकडे पोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. वारंवारता दुप्पट झाली तरी तेवढाच फायदा मिळतो. पण खर्जाकडे उतरू लागलो की हाच नियम उलटा अंगावर येतो. चौरस मीटरला 10 किलो वजनाचा पडदा 100 हर्ट्झच्या घुमाऱ्यातले जेमतेम 13 डेसिबल अडवतो. तिथे 31 डेसिबल हवे असतील तर वजन तीनदा दुप्पट करावं लागतं. म्हणजे 80 किलो, तेही फक्त एका चौरस मीटरला.

वजन वाढवण्याऐवजी आहे तेच वजन वेगळं मांडलं तर काय होतं, हा या लेखाचा विषय. सारख्या वस्तू सारख्या अंतरावर ठेवल्या की ध्वनीला आणि कंपनाला काही वारंवारता अक्षरशः बंद होतात. पदार्थ तोच, पण मांडणी त्याला नवा स्वभाव देते. मला या शास्त्रातली ही गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते, आणि ती कागदावर जितकी सुंदर दिसते तितकीच कार्यशाळेत हट्टी असते.

गणित जुनं आहे. आवर्ती, म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा तेच येणारे, गुणांक असलेल्या समीकरणांवर गणितज्ञ फ्लोकेने 1883 मध्ये काम केलं, भौतिकशास्त्रज्ञ रेलेने 1887 मध्ये आवर्ती माध्यमातल्या तरंगांचा विचार मांडला, आणि 1928 मध्ये ब्लॉखने स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनसाठी तोच धागा पकडला. ध्वनीच्या बाजूने मात्र लोकांच्या मनात ठसलं ते एक शिल्प. माद्रिदमध्ये युसेबिओ सेंपेरे या शिल्पकाराची एक रचना आहे: 4 मीटर व्यासाच्या गोल चौथऱ्यावर स्टीलच्या पोकळ नळ्या उभ्या, प्रत्येकीचा व्यास 2.9 सेंटिमीटर, चौकटीत एकमेकींपासून 10 सेंटिमीटरवर. 1995 मध्ये संशोधकांनी त्या नळ्यांच्या रानातून ध्वनी पाठवून मोजमाप केलं, आणि 1670 हर्ट्झला पलीकडे पोचणारा आवाज ठळकपणे खाली आलेला सापडला. नळ्यांनी जागेचा फक्त 6.6 टक्के भाग व्यापला होता. उरलेल्या त्र्याण्णव टक्के जागेत हवाच होती, वारा आरपार जात होता.

तो आकडा कुठून आला हे हाताने काढता येतं, आणि काढावंच. नळ्यांची प्रत्येक ओळ येणाऱ्या तरंगाचा थोडासा भाग मागे परतवते. एका ओळीने काही बिघडत नाही. पण मागच्या ओळीवरून परतणाऱ्या तरंगाला पुढच्या ओळीपेक्षा दोन अंतरं जास्त चालावी लागतात, जाताना एक आणि येताना एक. हे जास्तीचं अंतर बरोबर एका तरंगलांबीएवढं असलं की सगळ्या ओळींचे परतीचे तरंग एकमेकांच्या पावलात पाऊल टाकतात. म्हणून ओळींमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढं लागतं. 343 मीटर प्रति सेकंद भागिले 0.2 मीटर केलं की 1715 हर्ट्झ येतात. मोजलेले 1670. मधले 45 हर्ट्झ म्हणजे मापनातली चूक नव्हे. नळ्यांच्या गर्दीतून जाताना ध्वनी थोडा मंदावतो, कारण हवेला वळसे घेत पुढे-मागे हलावं लागतं. कडक नळ्यांसाठी अंदाज सोपा आहे: व्यापलेल्या भागाच्या अपूर्णांकात 1 मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा आणि वेगाला त्याने भागा. 343 भागिले 1.066 चं वर्गमूळ, म्हणजे 332. मग आकडा 1660 च्या जवळ येतो.

ही दुरुस्ती विरळ नळ्यांत किरकोळ वाटते, दाट नळ्यांत ती सगळा आराखडा फिरवते. 800 हर्ट्झसाठी पडदा करायचा आहे आणि नळ्यांनी 40 टक्के जागा व्यापावी असं ठरवलं, तर साध्या सूत्राने अंतर 21.4 सेंटिमीटर येतं. दुरुस्त वेग सुमारे 290 धरला की तेच 18 सेंटिमीटर होतं, आणि नळीचा व्यास 13 सेंटिमीटरच्या जवळपास. पहिल्या आकड्यावर विसंबून उभारलेला पडदा 680 हर्ट्झच्या आसपास काम करत बसेल आणि ज्या आवाजासाठी तो उभा केला तो आरपार जाईल. इतक्या दाट मांडणीत हा अंदाजही ढोबळच असतो, पण सुरुवात कुठून करायची ते तो बरोबर सांगतो.

दिशेचाही विचार हवा. चौकोनी मांडणीकडे समोरून पाहिलं तर ओळींमधलं अंतर एक, तिरप्या बाजूने पाहिलं तर दुसरं. समोरून 800 हर्ट्झला बंद होणारा वारंवारतांचा पट्टा कर्णाच्या दिशेने त्याच्या 1.41 पटीला जातो. दोन्ही पट्टे पुरेसे रुंद असून एकमेकांवर चढले तरच सर्व दिशांनी बंद असा पट्टा मिळतो. त्रिकोणी मांडणीत दिशांमधला हा फरक 1.15 पटीवर येतो, म्हणून कुठून आवाज येईल ते ठाऊक नसेल तिथे त्रिकोणी मांडणी घ्यावी. माद्रिदच्या शिल्पातल्या नळ्या सर्व दिशांना बंद करण्याइतक्या जाड नाहीत. त्यांनी जे दाखवलं ते ठरावीक दिशेने.

आणि मग आकार. 800 हर्ट्झच्या पडद्याला पाच ओळी दिल्या तर जाडी 85 सेंटिमीटर होते. 100 हर्ट्झला हेच सगळं आठपट: ओळींत जवळजवळ दीड मीटर अंतर, पडदा सात मीटरच्या घरात. जमिनीतल्या कंपनांबाबत हा प्रश्न आणखी ताणला जातो. 2012 मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ जमिनीत 5 मीटर खोल आणि 32 सेंटिमीटर व्यासाची छिद्रं 1.73 मीटर अंतराने पाडून 50 हर्ट्झच्या कंपनावर प्रयोग झाला. तरंगलांबी दीड मीटरच्या घरात होती आणि कंपनाची ऊर्जा छिद्रांच्या ओळींवरून मागे वळलेली दिसली. पण इमारतींना हादरवणारी भूकंपाची कंपनं काही हर्ट्झची असतात. जमिनीत तरंगवेग 200 मीटर प्रति सेकंद धरला तर 2 हर्ट्झची तरंगलांबी 100 मीटर, आणि ओळींमधलं अंतर 50. भूकंपापासून शहरं लपवण्याच्या गोष्टी ऐकताना हा भागाकार आधी करून पाहावा.

इथून सुटकेची वाट 2000 मध्ये हाँगकाँगमधल्या संशोधकांनी दाखवली. 1 सेंटिमीटर व्यासाच्या शिशाच्या गोळ्या, प्रत्येकीवर अडीच मिलिमीटर जाडीचं मऊ सिलिकॉन रबर, आणि हे सगळं कडक इपॉक्सीत 1.55 सेंटिमीटर अंतराने बसवलेलं. 400 हर्ट्झच्या आसपास हा ठोकळा ध्वनी अडवू लागला. त्या वारंवारतेला इपॉक्सीतली तरंगलांबी काही मीटर असते, म्हणजे गोळ्यांमधल्या अंतराच्या शेकडो पट. परतीच्या तरंगांची पावलं जुळण्याचा इथे प्रश्नच नाही. प्रत्येक गोळी मऊ रबरावर डोलणारं एक वजन आहे. आपल्या स्वतःच्या वारंवारतेच्या किंचित वर ती ढकलणाऱ्या बाजूच्या विरुद्ध दिशेने हलते. बाहेरच्या तरंगाला ठोकळा पुढे ढकलायचा असतो, आतली गोळी त्याच क्षणी मागे ओढते. गोळीची ओढ ठोकळ्याच्या स्वतःच्या जडत्वापेक्षा मोठी झाली की तरंग पुढे सरकूच शकत नाही.

यातून येणारा नियम लहान आहे आणि पाठ असावा. प्रत्येक एककात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका तुकड्यात, बाहेरचं वजन मोठं एम, आतलं वजन लहान एम, आणि आतल्याची स्वतःची वारंवारता शून्य-एफ धरा. बंद पट्टा शून्य-एफला सुरू होतो आणि तिच्या, '1 अधिक आतलं वजन भागिले बाहेरचं वजन' याच्या वर्गमूळाएवढ्या पटीला संपतो. शून्य-एफ 100 हर्ट्झ धरली आणि आतलं वजन बाहेरच्याच्या निम्मं असेल तर पट्टा 100 ते 122 हर्ट्झ. दहावा हिस्सा असेल तर 100 ते 105. अंतर लहान झालं, पण पट्ट्याची रुंदी वजनानेच विकत घ्यावी लागते. अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात ते इथेही. पातळ, हलकं आणि सगळ्या वारंवारता अडवणारं असं काही कुणी विकत असेल तर दोन वजनांचं गुणोत्तर विचारावं.

आता एक आराखडा शेवटपर्यंत नेऊ. ॲल्युमिनियमची पट्टी आहे, 25 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर जाड. तिच्या एका टोकाला यंत्र आहे, 210 हर्ट्झचा गुणगुणाट करणारं, आणि दुसऱ्या टोकाला नाजूक काहीतरी बसवायचं आहे. पट्टीतले वाकणारे तरंग 200 हर्ट्झला सुमारे 96 मीटर प्रति सेकंदाने जातात, तरंगलांबी 48 सेंटिमीटर. अर्ध्या तरंगलांबीचा मार्ग धरला तर एककं 24 सेंटिमीटरवर, पाच एककांना सव्वा मीटर. एवढी पट्टीच नाही. म्हणून आतल्या वजनाचा मार्ग: दर 5 सेंटिमीटरला एक एकक, एकूण दहा. 5 सेंटिमीटर पट्टीचं वजन 16.9 ग्रॅम. त्यावर 5 ग्रॅम डोलतं वजन ठेवलं तर गुणोत्तर 0.296, आणि पट्टा 200 ते 228 हर्ट्झ.

डोलण्यासाठी स्प्रिंग स्टीलची पाती घेऊ, पंखांसारखी पट्टीच्या दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावली तर पट्टीला पीळ बसतो. प्रत्येक पंखाच्या टोकाला अडीच ग्रॅम. अडीच ग्रॅमला 200 हर्ट्झवर डोलायला मीटरला 3948 न्यूटन ताठरपणा लागतो. पातं 5 मिलिमीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड घेतलं तर लांबी 20 मिलिमीटर येते, पकडीच्या कडेपासून वजनाच्या मध्यापर्यंत. पात्याचं स्वतःचं वजन 0.39 ग्रॅम. त्याचा सुमारे चौथा हिस्सा डोलणाऱ्या वजनात मिळवावा लागतो आणि त्यामुळे वारंवारता 196 पर्यंत उतरते.

कागदावर इथवर दहा मिनिटांत पोचता येतं. पुढच्या अडचणी जाडीतून, लांबीतून आणि पकडीतून येतात.

'वजनाच्या मध्यापर्यंत' हे शब्द सहज लिहिले जातात आणि तिथेच पहिली चूक दडलेली असते. अडीच ग्रॅमचा स्टीलचा ठोकळा 8 मिलिमीटर लांब असेल तर पात्याचा तेवढा भाग तो कडक करून टाकतो. मोकळं पातं 16 मिलिमीटर ठेवून पुढे ठोकळा बसवला तर मध्य 20 वर येतो आणि वारंवारतेत अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. पण रेखाचित्र वाचणाऱ्याने मोकळं पातं 20 मिलिमीटर ठेवून त्यापुढे ठोकळा लावला तर 200 ऐवजी 152 हर्ट्झ मिळतात. रेखाचित्रावर बाण कुठून कुठपर्यंत आहे ते ठळक काढावं.

जाडी तर त्याहून निर्दय. ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, वारंवारता जाडीच्या दीड घाताप्रमाणे. अर्धा मिलिमीटर म्हणून आणलेला पत्रा 0.55 निघाला तर वारंवारता 15 टक्क्यांनी, म्हणजे 30 हर्ट्झने वर जाते. आपला सगळा बंद पट्टाच 28 हर्ट्झचा आहे. लांबीत एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर 15 हर्ट्झ. मायक्रोमीटरने पत्रा चार ठिकाणी मोजल्याशिवाय कापायला घेऊ नये, आणि वीसही पाती एकाच पत्र्यातून, एकाच दिशेने कापावीत. गुंडाळीतून आलेल्या पत्र्यात वाक राहतो, तो तरी सगळ्यांत सारखा असू दे.

तरीही हाताची पाचही बोटं सारखी नसतात. म्हणून वजनाचा ठोकळा पात्यावर किंचित सरकवता येईल अशी सोय आराखड्यातच करावी. ठोकळा 0.1 मिलिमीटर बाहेर सरकवला की वारंवारता सुमारे दीड हर्ट्झने उतरते. प्रत्येक पंख काही किलो वजनाच्या ठोकळ्यावर, शेवटी जी पकड वापरायची आहे तीच वापरून बसवावा, बोटाने हलकेच टिचकी मारावी, जवळ धरलेल्या माइकने आवाज टिपून शिखर वाचावं. सगळे पंख एकमेकांच्या 2 हर्ट्झच्या आत आणावेत. हे काम कंटाळवाणं आहे आणि आराखड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. पंख विखुरलेले राहिले तर दहा एककांची एक भिंत न होता वीस वेगवेगळी, उथळ खोबणी होतात.

पकडीचं आणखी एक. स्क्रू आणि पकडीची पट्टी मिळून प्रत्येक एककाला 5 ग्रॅम वाढले, तर ते बाहेरच्या वजनात जमा होतात. गुणोत्तर 0.296 वरून 0.228 वर येतं आणि पट्टा 28 हर्ट्झवरून 22 वर. पकड सैल असेल तर पातं आतून वाकायला सुरुवात करतं, त्याची खरी लांबी वाढते आणि वारंवारता घसरते. स्क्रूऐवजी चिकटद्रव वापरला तर त्याचा पातळ थर हाच मऊ सांधा होतो, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याचा ताठरपणा बदलत राहतो.

210 साठी शून्य-एफ 200 च का, 210 का नाही? कारण बंद पट्ट्याच्या दोन कडा सारख्या नसतात. खालच्या कडेच्या आत शिरताक्षणी अडवणूक एकदम खोल होते आणि वरच्या कडेकडे जाताना हळूहळू विरते. आपल्या पट्टीचा नुसता हिशेब, डॅम्पिंग (कंपनाची ऊर्जा गिळली जाणं) शून्य धरून, 210 हर्ट्झला दर एककामागे सुमारे 4.8 डेसिबल देतो, 225 ला अडीच. दहा एककांना 210 वर 48 डेसिबल, कागदावर तरी. पण खालच्या कडेच्या बाहेर, 190 ते 199 च्या पट्ट्यात, परिस्थिती उलटी असते. तिथे आतलं वजन बाहेरच्याला साथ देतं, पट्टी असावी त्याहून कितीतरी जड वागते आणि तिचे स्वतःचे अनुनाद त्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीने गोळा होतात. यंत्राचा सूर तिथे सापडला तर काहीच न लावलेल्या पट्टीपेक्षा जास्त कंपन पलीकडे पोचू शकतं. म्हणून सूर पट्ट्याच्या पहिल्या तृतीयांशाच्या आसपास बसवावा, आणि चूक होणारच असेल तर शून्य-एफ खाली चुकावी, वर नव्हे. पात्याच्या वजनाने आलेले ते 196 हर्ट्झ त्या अर्थी आपल्या बाजूचेच.

आता डॅम्पिंग. स्प्रिंग स्टील फार कमी ऊर्जा गिळतं, म्हणून त्याची दरी, म्हणजे पलीकडे पोचणाऱ्या कंपनातली घट, खोल आणि अरुंद. पात्याऐवजी रबराचा सांधा घेतला आणि तो किती ऊर्जा गिळतो ते सांगणारा क्षय गुणांक 0.05 असला तरी 200 हर्ट्झला अनुनाद 10 हर्ट्झ रुंद होतो. दरी उथळ होते, पण कडा मवाळ होतात आणि खालच्या बाजूची ती धोक्याची शिखरंही बसतात. यंत्राचा वेग स्थिर असेल तर स्टील, थोडा वरखाली होत असेल तर रबर. फक्त रबराच्या माहितीपत्रकावरचा ताठरपणा सावकाश दाबून मोजलेला असतो, तो 200 हर्ट्झला लागू होत नाही. जलद कंपनात रबर जास्त ताठर वागतं, थंडीत आणखी. त्यातच ते दाबलं जात नाही, फक्त बाजूला फुगतं. बाजूला फुगायला जागा ठेवली नाही तर मऊ म्हणून बसवलेला थर कडक निघतो.

हवेतल्या रचनांत पात्याची जागा पोकळी घेते. एक लिटरची बंद पोकळी आणि 2 सेंटिमीटर व्यासाची, 2 सेंटिमीटर लांबीची मान: गळ्यातली हवा हे वजन, पोकळीतली हवा ही स्प्रिंग. नुसती मानेची लांबी धरून हिशेब केला तर 216 हर्ट्झ येतात, प्रत्यक्षात 159 च्या जवळ. मानेच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही डोलण्यात सामील होते आणि 2 सेंटिमीटरची मान 3.7 असल्यासारखी वागते. मान एक मिलिमीटरच्या आसपास अरुंद केली तर दुसरीच अडचण येते. 160 हर्ट्झला भिंतीला चिकटून राहणाऱ्या हवेचा थर 0.17 मिलिमीटर असतो, दोन्ही बाजूंनी तो गळा खाऊन टाकतो आणि अनुनाद दबतो. झाकणाच्या सांध्यातली फट म्हणजे न सांगता जोडलेली दुसरी मान, ती वारंवारता वर नेते. आणि तापमान: 20 वरून 40 अंशांवर गेलं की ध्वनीचा वेग साडेतीन टक्क्यांनी वाढतो, पट्टा त्याच्यासोबत सरकतो. उघड्यावरच्या रचनेसाठी ही साडेतीन टक्के सोय आधीच राखून ठेवावी.

संगणकावरच्या हिशेबाबद्दल थोडंच. एका एककाचं जाळं करायचं, दोन्ही टोकांवर ब्लॉखची अट लावायची (दोन्ही टोकांचं कंपन सारखंच, फक्त ठरावीक कलाफरकाने), तरंगसंख्या, म्हणजे दर मीटरमागे कला किती फिरते तो आकडा, शून्यापासून अंतराने भागलेल्या पायपर्यंत तीसेक पायऱ्यांत न्यायची आणि प्रत्येक पायरीला नैसर्गिक वारंवारता काढायच्या. सर्वात लहान तरंगलांबीला निदान सहा-आठ घटक यावेत, पात्यासारख्या बारीक भागात जाडीच्या दिशेने एकच घटक ठेवला तर तो खोटा ताठर वागू शकतो. डॅम्पिंग असेल तर उलट चालावं: वारंवारता ठरवून तरंगसंख्या काढावी, ती संमिश्र येते आणि तिचा काल्पनिक भाग दर एककामागची घट सांगतो. मात्र मिळालेलं चित्र वाचताना घाई नको. वाकणाऱ्या तरंगांची रेघ 200 ते 228 मध्ये तुटलेली दिसते, पण त्याच पट्ट्यातून दुसरी एक रेघ शांतपणे वर जात असते, लांबीच्या दिशेने दाबल्या जाणाऱ्या तरंगांची. वरखाली डोलणारे पंख त्या तरंगांना जवळजवळ दिसतच नाहीत. यंत्र पट्टीला लांबीच्या दिशेनेही ढकलत असेल तर 210 चा गुणगुणाट त्या वाटेने पलीकडे पोचतो, आणि दोष पंखांना दिला जातो.

त्या चित्राची सगळ्यात मोठी मर्यादा अशी की ते अनंत लांबीच्या, निर्दोष, सारख्या एककांच्या रचनेचं असतं. आपल्याकडे दहा आहेत. तीन एककांनी दरीची चाहूल लागते, सहा ते दहांत ती कामाची होते, त्यापुढे एककं वाढवून मोजमापात फारसं काही दिसत नाही, कारण तोवर कंपनाने दुसरी वाट शोधलेली असते. टेबलातून, आधारातून, यंत्राच्या वायरीतून, हवेतून. 48 डेसिबलचा हिशेब होता आणि 25 मिळाले, तर पंखांना हात लावण्याआधी पट्टी मधोमध कापल्याची कल्पना करावी: तेव्हाही पलीकडे किती पोचलं असतं? तेवढा तळ कुठलीही रचना ओलांडू शकत नाही.

मोजतानाही हाच सावधपणा. पट्टी दोन लांब, मऊ दोऱ्यांनी टांगावी. थरथराट देणारं यंत्र बारीक दांडीतून जोडावं, म्हणजे ते पट्टीला आडवं ओढणार नाही. कंपनमापक 10 ग्रॅमचा असेल तर तो 16.9 ग्रॅमच्या एककावर ठेवणं म्हणजे नवीन एकक तयार करणं. एक ग्रॅमच्या आतला घ्यावा, आणि पंखाचं डोलणं बघायचं असेल तर लेझरनेच. हवेतल्या रचनेसाठी नळीत मोजमाप करताना नळीचा व्यास वरची मर्यादा ठरवतो. 10 सेंटिमीटरच्या गोल नळीत 2000 हर्ट्झच्या वर ध्वनी सरळ पुढे जाणारा राहत नाही, आडवाही डोलू लागतो, आणि त्या वरच्या आकड्यांतून काढलेला निष्कर्ष नळीबद्दलचा असतो, नमुन्याबद्दलचा नसतो.

एक प्रश्न आराखडा हातात घेताना विचारायला हवा आणि तो बहुधा शेवटी विचारला जातो: अडवलेली ऊर्जा जाते कुठे? भिंत असो वा नळ्यांचं रान, बंद पट्टा ऊर्जा गिळत नाही, तो ती परत पाठवतो. नाजूक बाजू शांत होते आणि यंत्राची बाजू जास्त थरथरते. बेअरिंग, सांधे, सोल्डर, सगळ्यांना तो भार सोसावा लागतो. म्हणून यंत्राच्या बाजूच्या पहिल्या दोन एककांत मुद्दाम डॅम्पिंग घालणं मला योग्य वाटतं, पातं आणि पकडीमध्ये चिकट पॉलिमरचा थर देऊन. तिथे ऊर्जेची उष्णता होते, पुढची आठ एककं स्टीलची कोरडी ठेवता येतात. पॉलिमरने त्या दोन एककांचा ताठरपणा बदलतो, तेव्हा त्यांचे पंख थर लावल्यानंतरच जुळवायचे.

यंत्राचा वेग बराच बदलत असेल तर सारखेपणाचा हट्टच सोडता येतो. पहिल्या एककाचे पंख 240 ला, पुढचे थोडे खाली, असं करत शेवटचे 190 ला. प्रत्येक वारंवारता आपापल्या एककापाशी पोचून थांबते आणि मागे वळते. दरी रुंद होते, पण एका वारंवारतेवर काम करणारी एककं दोन-तीनच उरतात, म्हणून ती उथळ असते. शेजारच्या एककांत फरक फार मोठा ठेवला तर एकाचा पट्टा दुसऱ्याशी जुळत नाही आणि मध्ये खिडक्या राहतात. दहा एककांत 50 हर्ट्झ पसरवणं म्हणजे दर पावलाला साडेपाच हर्ट्झ. आपल्या 28 च्या पट्ट्याला हे चालतं.

आणि सगळी एककं सारखी ठेवून मधल्या एकाचेच पंख मुद्दाम काढून टाकले, तर बंद पट्ट्याच्या आत एक एकुलती वारंवारता उघडू शकते. त्या वारंवारतेचं कंपन दोन्ही बाजूंच्या एककांत अडकून त्या मोकळ्या पाच सेंटिमीटरभोवती साचतं, तिथला भाग दूरवरच्या टोकांपेक्षा कितीतरी जास्त हलतो. तिथे पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे वाकली की वीज देणारी, चकती चिकटवली की वाया जाणाऱ्या कंपनातून थोडी वीज मिळवता येते, किंवा वारंवारता किती सरकली ते पाहून तिथे बसलेलं सूक्ष्म वजन ओळखता येतं. मात्र चकती आणि तिच्या वायरींचं वजन आधीच हिशेबात धरायचं, कारण त्या मोकळ्या जागेची वारंवारता नेमकी त्याच वजनाने सरकते.